बायकांच्या शब्दांची मैफल: ओवीपासून भैरवीपर्यंत कशी बांधायची

पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "यंदा बायकांच्या कवितांवर शास्त्रीय अंगाचा कार्यक्रम करू," आणि चहा येईपर्यंत पंधरा गाण्यांची यादी तयार होते. आमच्या यादीत वरच्या पाचातच 'घनु वाजे घुणघुणा' होतं. बोलणारी विरहिणी बाई खरी, पण लिहिणारे ज्ञानेश्वर. खाली दोन गौळणी, त्या एकनाथांच्या. एक लावणी, ती शाहिराची. पेन्सिलीने काट मारत गेलो तेव्हा पंधरातली सात गाणी गळाली. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

बाईच्या तोंडी घातलेलं गाणं आणि बाईने लिहिलेलं गाणं यांत आपल्याकडे कायम गल्लत होते. ठुमरी, बंदिश, गौळण, लावणी या सगळ्यांत 'मी' बहुतेक वेळा बाई असते आणि लेखणी पुरुषाच्या हातात. ही गाणी सुंदर आहेत, पण या मैफलीची नाहीत. एवढी एक अट सगळ्यांना मान्य करून घ्या. गायक नाराज होतात, कारण त्यांची हुकमी गाणी जातात. होऊ द्या.

पुढे लिहितेय ते दीड-दोनशे खुर्च्यांचा हॉल, दोन-तीन गायक, पेटी, तबला, टाळ आणि दोन तासांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवून. मी स्वतः गात नाही. संहिता लिहिते आणि निवेदन करते, त्यामुळे माझा कल शब्दांकडे जास्त आहे, हे आधीच सांगते.

आधी शब्द जमवा, सूर नंतर

एक वही घ्या आणि कवयित्रीगणिक एक पान करा. पानावर चार गोष्टी हव्यात: पूर्ण संहिता (सगळी कडवी), कोणत्या पुस्तकातून घेतली ते, अवघड शब्दांचे अर्थ, आणि आधीची चाल असल्यास संगीतकाराचं नाव. नेटवरून उतरवलेली कविता वहीत घेऊ नका. अभंगांचा तर नेटवर नुसता गोंधळ आहे. वाचनालयात जाऊन छापील गाथा उघडा.

साहित्य कमी पडणार नाही. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने धवळे लिहिले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. मग मुक्ताबाईचे ताटीचे अभंग, नामदेवांच्या घरची जनाबाई, चोखोबांची सोयराबाई, मंगळवेढ्याची कान्होपात्रा, सतराव्या शतकात तुकोबांना गुरू मानणारी संत बहिणाबाई. अलीकडे या तर १८५४ साली छापलेला सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' आहे, आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आहेत, बेळगावात राहून लिहिणाऱ्या इंदिरा संत आहेत, पद्मा गोळे आहेत, शांता शेळके आहेत.

शांताबाईंची एक गोष्ट शोधाशोध करणाऱ्याला उपयोगी पडेल. त्यांनी काही गाणी 'वसंत अवसरे' या नावाने लिहिली. जुन्या ध्वनिमुद्रिकेवर गीतकार म्हणून पुरुषाचं नाव दिसलं तरी लगेच काट मारू नका, एकदा चौकशी करा.

आणि जात्यावरच्या ओव्या विसरू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. 'पारंपरिक' असं लिहून मोकळं होण्याऐवजी त्या बाईचं नाव घेता येतं, ही या कार्यक्रमासाठी मोठी सोय आहे.

मैफल शास्त्रीय अंगाची असेल तर एक बंदिशही घ्या. बंदिश हे लेखन आहे, हे लोकांच्या ध्यानात राहत नाही. प्रभा अत्र्यांनी स्वतः शब्द आणि स्वर बांधलेल्या बंदिशी आहेत. मारुबिहागमधली 'जागू मैं सारी रैना' किंवा कलावतीतली 'तन मन धन' रसिकांच्या कानात असतेच. अश्विनी भिडे-देशपांड्यांनीही स्वतःच्या रचना पुस्तकरूपाने छापल्या आहेत. संध्याकाळच्या मैफलीला मारुबिहाग छान बसतो.

शेवटचं कडवं गाळू नका

हे मी ठळक अक्षरांत लिहून तालमीच्या खोलीत चिकटवते. वेळ कमी पडला की गायक पहिली दोन कडवी घेतात आणि ध्रुवपदावर येऊन संपवतात. अभंगात कवीचं नाव असतं शेवटच्या कडव्यात. म्हणजे ज्या बाईसाठी कार्यक्रम केला, तिचंच नाव आपण कापतो.

नुसत्या नावाचाही प्रश्न नाही. जनाबाईचा हा अभंग घ्या:

डोईचा पदर आला खांद्यावरी
भरल्या बाजारी जाईन मी

पुढे हाती टाळ आणि खांद्यावर वीणा येते. आणि शेवटी ती म्हणते, 'जनी म्हणे देवा मी झाले वेसवा, रिघाले केशवा घर तुझे.' 'वेसवा' म्हणजे वेश्या. अभंगाची सगळी ठिणगी या ओळीत आहे. एका तालमीत गायिकेने विचारलं, "ताई, हे कडवं सोडलं तर चालेल का? समोर ज्येष्ठ मंडळी असतात." मी म्हटलं, मग अभंगच सोडू. तिने गायलं. ज्येष्ठ मंडळींना काही झालं नाही, उलट पहिल्या रांगेतल्या एका आजींनी ती ओळ पुन्हा मागितली.

याच ओळीत काही ठिकाणी 'रिघाले' सापडतं, काही ठिकाणी 'निघाले'. रिघणे म्हणजे आत शिरणे. एक शब्द बदलला की बाई वाटेवर आहे की देवाच्या दारातून आत गेली आहे, ते बदलतं. कुठला पाठ घ्यायचा ते गायक, निवेदक आणि पत्रक छापणारा यांनी मिळून एकदाच ठरवावं. नाहीतर गायिका 'रिघाले' म्हणते आणि प्रेक्षकाच्या हातातल्या कागदावर 'निघाले' असतं.

सोयराबाईचं आणखी वेगळं. 'अवघा रंग एक झाला' सगळ्यांना किशोरीताई आमोणकरांच्या आवाजात पाठ आहे, पण रचना कुणाची म्हणून विचारा, निम्मे लोक चोखोबांचं नाव सांगतील. कारण शेवटी मुद्रा, म्हणजे रचणाऱ्याच्या नावाची खूण, येते ती 'म्हणे चोखियाची महारी'. तिचं स्वतःचं नाव अभंगात नाही, आहे ते नवऱ्याचं आणि जातीचं. अशा ठिकाणी गाण्याआधी निवेदकाने 'सोयराबाई' हे नाव स्पष्ट उच्चारायलाच हवं.

चाल: जुनी की नवी?

माझं प्रमाण असतं एक तृतीयांश ओळखीच्या चाली, बाकी नव्या. सगळ्याच नव्या असल्या की श्रोता दमतो, आणि सगळ्या जुन्या असल्या तर तो शब्द ऐकतच नाही, मूळ गायकाशी तुलना करत बसतो.

नवी चाल बांधायला घेतली की पहिलं काम अक्षरं मोजण्याचं. मोठ्या अभंगाचे चार चरण असतात, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. वरचाच अभंग बोटांवर मोजा: 'डोईचा पदर' सहा, 'आला खांद्यावरी' सहा, 'भरल्या बाजारी' सहा, 'जाईन मी' चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. हा चौथा आखूड चरण म्हणजे चालीतली मोकळी जागा. तिथे आलाप घ्या, टाळ वाजू द्या, श्वास घ्या. पहिल्या तीन चरणांत मात्र शब्दांची गर्दी आहे, तिथे हरकती कोंबल्या तर अक्षरं चेंगरतात.

बहिणाबाई चौधरींचं 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' हे सरळ आठ-आठ अक्षरांचं. आठ मात्रांच्या ठेक्यात ते आपोआप बसतं, आणि तीच त्यातली अडचण. आपोआप बसलेली चाल बालगीतासारखी होते. आम्ही एकदा ते सहा मात्रांच्या दादऱ्यात, संथ लयीत घेऊन पाहिलं. 'जसा' नंतर थोडं थांबल्यावर 'तवा' हा शब्द नीट ऐकू आला, तापलेला.

दुसरी परीक्षा: शब्द कुठे तुटतो? चाल गुणगुणताना नुसती लकेर छान वाटते, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना शब्दाची तंगडी मोडलेली असते. कान्होपात्रेच्या 'नको देवराया, अंत आता पाहू' या ओळीत आमच्या एका हौशी संगीतकाराने श्वासाची जागा 'नको दे'च्या नंतर ठेवली होती. पुढे 'वराया'. जीव मुठीत धरून विठ्ठलाला हाक मारणारी कान्होपात्रा एकदम स्थळाला नकार देणारी मुलगी झाली! तालमीत सगळे हसलो म्हणून निभावलं. त्यामुळे प्रत्येक चाल एकदा ठेक्याशिवाय, नुसती वाचल्यासारखी म्हणून बघायची. बोलताना जिथे थांबत नाही तिथे गातानाही थांबायचं नाही.

रागाची निवड अर्थ पाहून करा, पण बाळबोधपणे नको. दुःख आलं की जोगिया आणि पाऊस आला की मल्हार, असं करत गेलो तर दोन तासांत श्रोता पुढचं ओळखायला लागतो. ताटीच्या अभंगांचा प्रसंग बघा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेला थोरला भाऊ दार लावून बसलाय, आणि धाकटी बहीण बाहेरून समजावतेय. 'योगी पावन मनाचा, साहे अपराध जनाचा' असं ती त्याला ऐकवते. यात रडणं नाही. लहान बहिणीने केलेली कानउघाडणी आहे, तीही मायेने. मग रडवा राग कशाला? सरळ, उजेडाचा, दाराबाहेर बसून बोलावा तसा सूर लावा. 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' हे पालुपद दर वेळी त्याच सुरात नको, तिचा धीर हळूहळू बदलतो तसा सूर बदला.

मुक्तछंदाकडे झुकलेल्या कवितेला ओढूनताणून ठेक्यात बसवू नका. पद्मा गोळ्यांची 'चाफ्याच्या झाडा' तंबोऱ्यावर नुसती वाचली तरी पुरते. सावित्रीबाईंच्या कविताही मी वाचूनच घेते.

बोलीबद्दल एक आग्रह. बहिणाबाईंची भाषा खानदेशातली, लेवा गणबोली. तिथे 'ळ'चा 'य' होतो, 'मिळते'चं 'मियते' होतं. पुण्या-मुंबईचे गायक नकळत प्रमाण मराठीत दुरुस्ती करून गातात. जळगावकडची एखादी ओळखीची काकू गाठा, तिच्याकडून कविता मोठ्याने वाचून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. गायिकेने चाल शिकण्याआधी ते आठवडाभर ऐकावं.

क्रम आणि मिनिटं

काळानुसार क्रम लावला की शाळेचा इतिहास होतो. मी तीन-चार गाण्यांचे गट करते: जातं-चूल-घर, देवाशी भांडण, बाहेर पडणं, स्वतःशी बोलणं. एका गटात जनाबाई आणि बहिणाबाई चौधरी शेजारी बसल्या तर सहाशे वर्षांचं अंतर सांगावं लागत नाही, जात्याच्या आवाजातूनच कळतं.

एका कार्यक्रमाचा क्रम देते, जसाच्या तसा उचलू नका:

जात्यावरच्या ओव्या, फक्त तंबोरा, ठेका नाही: ४ मिनिटं. जनाबाईचं 'दळिता कांडिता': ७. 'अरे संसार संसार': ६. महदंबेच्या धवळ्यांतलं थोडं वाचन: २. ताटीचे अभंग: ९. मारुबिहागची बंदिश, आलाप-तानांसह: १६. दहा मिनिटांचं मध्यंतर. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तला उतारा: ४. 'डोईचा पदर': ८. इंदिरा संतांची एक कविता, नव्या चालीत: ७. शांता शेळक्यांची दोन गाणी: ११. सावित्रीबाईंची कविता, वाचन: २. सोयराबाई: ७. शेवटी कान्होपात्रा: ८. बेरीज ९१ मिनिटं, मध्यंतर धरून १०१. उरलेल्या १९ मिनिटांत सगळं निवेदन, टाळ्या, आणि तबला पुन्हा लावणं. कमी वाटतं, पण पुरतं.

'स्मृतिचित्रे' मध्यंतरानंतर मुद्दाम. लोक बटाटेवडा खाऊन परत येतात, खुर्च्या सरकत असतात, तेव्हा गंभीर कविता वाया जाते. लक्ष्मीबाई पहिल्या दोन वाक्यांत हॉल हसवतात आणि ताब्यात घेतात.

मैफल भैरवी रागाने संपवायची रीत आहे, तिचा एक पेच आधीच सोडवा. बालगंधर्वांनी गाजवलेलं कान्होपात्रेचं 'अगा वैकुंठीच्या राया' भैरवीत आहे, आणि 'अवघा रंग'ची प्रसिद्ध चालही भैरवीतच. दोन्ही घेतलीत तर शेवटी भैरवीवर भैरवी होते आणि श्रोते पहिल्यावेळीच चपला शोधायला लागतात. एकाला नवी चाल द्या किंवा एकच ठेवा. आम्ही सोयराबाईला नवी चाल दिली. थोडी कुरकुर झाली, पण शब्द पहिल्यांदाच नीट कळले असं तिघा-चौघांनी येऊन सांगितलं.

गळा, पट्टी, संगत

पट्टी म्हणजे गायक पेटीवरच्या ज्या सुराला आपला षड्ज धरतो ती. गायिका साधारण काळी चार-पाचच्या आसपास गातात, पुरुष गायक काळी एकच्या आसपास. दोघे असतील तर एकाआड एक गाणी देऊ नका. तबलजींना दर गाण्याला तबला बदलावा लागतो, हातोडीची ठकठक सुरू होते आणि निवेदन त्यात बुडतं. गाणी पट्टीप्रमाणे सलग ठेवा. तबलजींना आठवडाभर आधी कागद पाठवा: गाणं, पट्टी, ताल, लय. ते दोन-तीन तबले घेऊन येतील.

पुरुष गायक घ्यावा का, हा प्रश्न दर वेळी निघतो. घ्यावा. लिहिणारी बाई असली पाहिजे ही अट, गाणाऱ्याची नाही. कान्होपात्रेचे अभंग घराघरांत पोचले ते बालगंधर्वांच्या गळ्यातूनच.

पेटीचा सूर बदलता येत नाही, म्हणून तंबोरा पेटीला लावायचा, मोबाइलमधला तंबोराही पेटीलाच जुळवायचा. जुनी पेटी किंचित चढी किंवा उतरी असते. अॅप काळी चार दाखवतंय म्हणून विश्वास ठेवलात तर पहिल्या षड्जालाच कानात काटा रुततो.

ओव्यांना शक्यतो तयारीची गायिका नको. गटातल्या एखाद्या मावशीला आईकडून ऐकलेली ओवी येत असेल तर तिलाच बसवा. आवाज थोडा कापला तरी चालेल.

निवेदन

निवेदकांनो, हे आपल्यासाठी. एका गाण्याआधी ९० सेकंद, त्याहून जास्त नाही. मला ९० सेकंदांत दीडशे ते पावणेदोनशे शब्द वाचता येतात. स्वतःचा वेग घड्याळ लावून मोजा.

त्या ९० सेकंदांत काय असावं? कवयित्रीचं नाव सुरुवातीला एकदा आणि गाणं सुरू होण्याच्या अगदी आधी एकदा. प्रसंग एक. अडलेला शब्द एक किंवा दोन, म्हणजे 'वेसवा', 'ताटी', 'रिघणे'. बस्स. कवितेचा अर्थ सांगून टाकू नका, गायिकेला काही उरत नाही. 'स्त्री म्हणजे त्यागाची मूर्ती' छापाची वाक्यं तर वहीतूनच खोडा. जनाबाई देवाला चोर म्हणून दोरीने बांधते आणि निवेदक तिला त्यागमूर्ती म्हणतो, हे कानाला खटकतं.

तपशील मात्र नेमके असू द्या. बहिणाबाई चौधरींचा काळ १८८० ते १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी इतरांनी उतरवून घेतली, आणि त्या गेल्यावर १९५२ साली मुलगा सोपानदेव यांच्या खटपटीने, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. यातलं एकच काहीतरी निवडा. मी 'लिहिता येत नव्हतं' एवढंच सांगते आणि थांबते. 'लेखनाची मैफल' म्हणवणाऱ्या कार्यक्रमात ते वाक्य पुरेसं काम करतं.

कागद हातात ठेवा, पण पेटीवाल्याने सूर धरला की बोलणं संपवा. सूर सुरू असताना बोलत राहणारा निवेदक कुणालाच आवडत नाही.

परवानग्या

आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. संतकवयित्रींच्या शब्दांना अडचण नाही. सावित्रीबाई, लक्ष्मीबाई टिळक मोकळ्या. बहिणाबाई चौधरींचं पुस्तक मरणोत्तर, १९५२चं, त्यामुळे मोजणी प्रकाशनापासून केली तरी मुदत सरली. इंदिरा संत २००० साली गेल्या, म्हणजे हक्क २०६० अखेरपर्यंत. शांता शेळके २००२ साली, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत.

लोक फसतात ते चालीत. शब्द सातशे वर्षांचे असले तरी चाल पन्नास वर्षांपूर्वीची असू शकते, आणि चालीचा हक्क वेगळा असतो. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडून परवाना घ्या, आणि नवी चाल देत असाल तर कवयित्रीच्या वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहा. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण ती त्या प्रयोगापुरती. कार्यक्रम यूट्यूबवर चढवलात की तो मुद्दा वेगळा होतो. तिथे गायक-वादकांचीही लेखी संमती हवी.

तालमी

किमान चार. पहिली फक्त वाचनाची, पेटी उघडायचीच नाही. सगळ्यांनी गोल बसून प्रत्येक कविता मोठ्याने वाचायची, तबलजींनीसुद्धा. आमचे तबलजीदादा आधी लाजले, मग 'भरल्या बाजारी'पाशी थांबून म्हणाले, "इथे मी ठेका थोडा मोकळा सोडतो, बाई बाजारात निघालीय ना?" ते ऐकून चालच बदलली.

दुसरी आणि तिसरी तालीम गाण्यांची. चौथी घड्याळ लावून, निवेदनासह, न थांबता. मिनिटं वाढली तर गाणं कापा, कडवं नाही.

हॉल आणि आवाज

तारीख ८ मार्चचीच हवी असं नाही. त्या आठवड्यात हॉलही मिळत नाही आणि वक्तेही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते, ३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन. आषाढातही छान होतं.

साऊंडवाल्याशी बोलणं मात्र स्वतः करा. एका हॉलमध्ये आमच्या निवेदनावर लग्नातल्यासारखा इको चढवला होता. 'मुक्ताबाई... बाई... बाई' असं घुमत होतं. त्याला सांगायचं ते असं: निवेदनाच्या माइकला इको शून्य, गाण्याला अगदी थोडा, पेटीचा आवाज गळ्याच्या खाली. ओळ कळते की नाही हे तपासायला मागच्या रांगेत एकाला बसवा आणि गायिकेने त्याला माहीत नसलेलं कडवं गावं. त्याला ते शब्द परत सांगता आले तर आवाज बरोबर.

एसी आधी तासभर चालू करा आणि मगच तंबोरे, तबले लावा. गार हवेत सूर सरकतो. गरम हॉलमध्ये लावलेली वाद्यं पडदा उघडेपर्यंत भलतीकडे गेलेली असतात.

पत्रक आणि शेवटची कामं

प्रत्येक खुर्चीवर घडी घातलेला एक ए-फोर कागद ठेवा. त्यात सगळ्या अभंगांचे पूर्ण शब्द, शेजारी कवयित्रीचं नाव, खाली अडलेल्या शब्दांचे अर्थ. हक्कात असलेल्या कविता परवानगीशिवाय छापू नका, नुसतं नाव आणि संग्रह द्या. टाइप मोठा ठेवा, येणारा निम्मा वर्ग साठीच्या पुढचा असतो. आणि हॉलचे दिवे पूर्ण घालवू नका, नाहीतर कागद हातात असून उपयोग नाही.

व्यासपीठामागच्या फलकावर कवयित्रींची नावं लिहा. देणगीदाराचं नाव बाहेर, दारापाशी. यावरून एकदा आमचं चांगलंच वाजलं होतं. शेवटी दारापाशी फुलांची रांगोळी काढून त्यात त्यांचं नाव मानाने मांडलं.

सत्कार, भाषणं, दीपप्रज्वलन मिळून सात मिनिटं, तीही सुरुवातीला. भैरवीनंतर कुणीही माइक हातात घ्यायचा नाही, आभार मध्यंतराआधी मानून टाकायचे. कलाकारांची पाकिटं आदल्या दिवशी भरून, नावं घालून पिशवीत ठेवा. साथीदारांची पाकिटं गायकांच्या हाती देऊ नका, ज्याची त्याला द्या. ओव्या म्हणणाऱ्या मावशींचंही पाकीट असू द्या. त्या "मला कशाला" म्हणतील, तरी द्या.